मयताशी नाते

मिलकाबाई आपटेकरांनी नगरपालिकेच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. अर्ध्या पनवेलची नाळ त्यांनी कापलेली, त्यामुळे गावात त्यांना कुणाचा धाक असा नव्हता. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन दारात आला, तेव्हा त्यांनी आधी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग नोटीस हातात घेतली.

इस्राएल तळ्याजवळच्या त्यांच्या घराची रस्त्याकडची भिंत बाहेर झुकली होती. ती मालकाने पावसाळ्याआधी दुरुस्त करावी, नाहीतर उतरवून घ्यावी, असं नोटिशीत लिहिलं होतं. मालकाचं नाव होतं हनोक शलोम आपटेकर. हनोक म्हणजे मिलकाबाईंचा धाकटा भाऊ, आणि तो पाच महिन्यांपूर्वीच तिकडे इस्राएलात, अशदोद नावाच्या गावी वारला होता.

ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवून घेतलं, आणि आडनावं गावांची लावली. आपट्याचे ते आपटेकर. पुढे इस्राएल नावाचा देश झाला आणि एकेक घर उठून तिकडे गेलं. हनोक एकाहत्तर साली गेला, बायको दिवू आणि सात वर्षांची मुलगी रिवका यांना घेऊन. रिवकाला घरात सगळे रेवा म्हणत. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिकी करून स्वतःच्या कमाईने घेतलेल्या या घराची किल्ली त्याने विधवा होऊन माहेरचंच नाव लावणाऱ्या बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाला, घर तुझंच समज.

आता ‘समज’ म्हणजे कागद नव्हे. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मृत्युपत्र करून ठेव असं कुणी सुचवलं की हनोक हसायचा. एक बहीण, एक मुलगी, दोघींत काय भांडण लागणार, म्हणायचा. भांडण लावायला माणसंच लागतात असं नाही, कायदेही पुरतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

करंजाड्याच्या दादू गवंड्याने भिंतीच्या भेगेत अख्खा पंजा घालून पाहिला. “शिष्टरबाई, यंदाचा पावसाला ही भित काढनार नाय,” तो म्हणाला. “आमी बांदून देतो, पन पालिकेचा कागद आना आदी. मंग मागून आमच्या नावानं बोंब नको.” पालिकेचा कागद मालकाच्या सहीशिवाय मिळेना. मालक मेला म्हटल्यावर वारसाची नोंद आणा म्हणाले. ती नोंद करायची सिटी सर्व्हेच्या ऑफिसात. मिलकाबाईंनी अशदोदला पत्र टाकलं, आणि जानेवारीत रेवा विमानाने मुंबईला उतरून पनवेलला येऊन थडकली.

तेवीस वर्षांनी आली. तीस वर्षांची, दोन मुलांची आई, केस कापलेले, पायांत पुरुषी बूट. पण दारात आली आणि चौकटीवरच्या मेझूझाला, त्या प्रार्थनेच्या छोट्या नळीला, तिने न बघता हात लावून बोटं ओठांना टेकवली. हात बरोबर जागेवर गेला. मिलकाबाईंना रडू फुटलं ते तिथेच.

रेवाचं मराठी मिठात मुरवून ठेवल्यासारखं एकाहत्तर सालीच थांबलेलं होतं. दवाखान्याला ती इस्पितळ म्हणे आणि रागावली की बापासारखी ‘मेल्या’ म्हणे. आत्याचा शब्द तिने खाली पडू दिला नाही, पण एका गोष्टीवर अडून बसली. तिच्याजवळ एक जाड फाइल होती. तिकडच्या सरकारने दिलेला वारसाचा हुकूम तिच्यात होता, इंग्रजीत करून घेतलेला, वर वकिलातीचे शिक्के: मयत हनोक आपटेकर यांची एकमेव वारस, मुलगी रिवका. या कागदाने आधी घर तिच्या नावावर चढवायचं, आणि लगेच हक्कसोड लिहून ते आत्याला द्यायचं, असं तिने ठरवून आणलं होतं. बाबांनी जाताना तेवढंच सांगितलं होतं, म्हणे. आपल्याकडे बहिणी भावांना हक्क सोडून देतात. इथे भाची आत्याला द्यायला निघाली होती, आणि तेही कुणी मागितलेलं नसताना.

“तुला माझ्या हातून घ्यायचंय, आत्या,” ती म्हणायची. “बाबांच्या वतीने मी देणार.”

गावातल्या कृष्णकांत वकिलांनी ही फाइल दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी मिलकाबाईंना एकटीलाच बोलावलं. रेवा त्या दिवशी आपट्याला गेली होती. इस्राएलात कबरीवर फुलांऐवजी दगड ठेवायची रीत आहे. बापासाठी आपट्याच्या नदीतला, पाताळगंगेतला एक गोटा न्यायचा, असं तिच्या मनात होतं.

वकिलांची दोन्ही मुलं मिलकाबाईंच्याच हातची. त्यामुळे ते आडवळणाने बोलले नाहीत. म्हणाले, “सिस्टर, घर तुमचं आहे. आधीपासून तुमचंच आहे. रेवाला त्यात काही नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणसाचा पैसाअडका तो जिथे कायमचा राहिला त्या देशाच्या कायद्याने वाटला जातो, पण घर आणि जमीन जिथे असेल तिथल्या. तिकडे गेल्यावर कोर्टाने रेवाला रीतसर हनोकची दत्तक मुलगी करून घेतलं, म्हणून तिकडे ती वारस. इथे हिंदूंना दत्तकाचा कायदा आहे. ज्यू, पारशी, ख्रिस्ती, मुसलमान यांना नाही. चौसष्ट साली हनोकला इथल्या कोर्टाने फक्त पालक नेमलं होतं, आणि ते पालकपण मूल अठरा वर्षांचं झालं की आपोआप संपतं. तेव्हा इथल्या कायद्याच्या नजरेत हनोक मूलबाळ नसलेला माणूस. बायको आधीच गेलेली, आईबाप नाहीत, उरली बहीण.

“म्हणजे विमानात बसली तेव्हा मुलगी होती, आणि उतरली तेव्हा कुणी नाही?” मिलकाबाई म्हणाल्या.

वकिलांनी मान हलवली. कोर्टात लढवता येईल म्हणाले, पण पंधरा वर्षं जातील, आणि भिंत काही पंधरा वर्षं थांबणार नाही. मिलकाबाईंनी विचारलं, हे दोन देश एकदा बसून वारसांची एकच यादी का करत नाहीत. वकील म्हणाले, तसं करायला निघालेत की लोक, चार-पाच वर्षांपूर्वी हॉलंडात एक करार लिहून झालाय, सह्या करणारे देश मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपण आहोत का त्यात, असं मिलकाबाईंनी विचारलं. आपण नाही. आणि ते? तेही नाहीत.

“मग हॉलंडवाल्यांनी उगाच शाई घालवली,” मिलकाबाई म्हणाल्या आणि उठल्या. वकिलांनी त्यांना बसवलं. पुढची गोष्ट त्यांना जास्त जड जात होती. वारसनोंदीसाठी मिलकाबाईंना प्रतिज्ञापत्र करावं लागणार होतं. नमुना छापील. त्यातलं चौथं वाक्य असं होतं: ‘सदर मयत इसमास मूलबाळ नाही.’

मिलकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाक्य तेच होतं. ‘मूलबाळ’च्या आधी ‘कायदेशीर’ असा शब्द घालून देतो, असं वकील चाचरत म्हणाले. त्यावर मिलकाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की वकिलांनी तो विषय सोडून चहा मागवला.

घरी येताना त्यांचे पाय चालत होते एवढंच. डोळ्यांसमोर चौसष्ट सालचा आपटा होता. दिवूच्या नात्यातली एक गरीब पोर तिथे बाळंतपणात अडली होती, नवरा आधीच गेलेला. मिलकाबाई पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. आई हातची गेली, मूल राहिलं. आठ दिवस त्यांनी तिथेच राहून मुलीला शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर धरून ठेवलं, आणि नवव्या दिवशी आपल्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून एस.टी.ने पनवेलला आणलं. दिवूच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. डेपोत हनोक गाडीखाली आडवा होता, अंगभर ग्रीस. तो सरपटत बाहेर आला, हात मागे लपवले आणि म्हणाला, मिलका, माझे हात घाण आहेत, तूच धर, मी नुसता बघतो. अर्धा तास तो तसा नुसता बघत होता.

आणि आता त्याच मिलकाने शपथेवर लिहून द्यायचं होतं की याला मूलबाळ नाही.

त्यांना दोनदा वाटलं, खड्ड्यात गेलं ते घर, पडू दे भिंत. पण भिंत पडली तर रस्त्यावर पडणार, सकाळी तिथून बालवाडीची पोरं जातात. शिवाय रेवाचं परतीचं तिकीट आठ दिवसांवर आलेलं. शेवटी त्यांनी मनाशी एक ठरवलं. सही करायची. खोटं नाही ते, कायद्याने विचारलेल्या प्रश्नाचं कायद्यापुरतं उत्तर. पण रेवाच्या कानावर ते वाक्य जाऊ द्यायचं नाही. जन्माची हकीकत रेवाला लहानपणापासून ठाऊक होती, तिचं तिला कधी काही वाटलं नाही. पण बापाच्या गावात सरकारी कागद तिला कुणीच नाही म्हणतो, हे निराळं. रेवा पहिलीत होती तेव्हा बाराखडीपर्यंत आली होती, पण तेवीस वर्षांत ती कुठे टिकणार? वकिलांनाही त्यांनी तोंड बंद ठेवायला लावलं. रेवाला एवढंच सांगितलं की इकडची पद्धत उलटी आहे, बहिणीच्या नावाने अर्ज केला की काम लवकर होतं. रेवाने आत्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये काही होतं, पण मिलकाबाई आपल्याच काळजीत होत्या.

गुरुवारी सकाळी सगळे सिटी सर्व्हेच्या ऑफिसात गेले. शेजारचा मुश्ताक दुकान पोरावर टाकून साक्षीदार म्हणून आला होता. मयताला ओळखणारा एक साक्षीदार लागत असे, आणि मुश्ताक लहानपणी हनोकबरोबर तळ्यात पोहलेला. नोंदी करणारे काशिराम भाऊसाहेब आत कुणाचा तरी नकाशा उलगडून बसले होते, म्हणून ही मंडळी व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. वकिलांनी टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र मिलकाबाईंच्या हातात दिलं.

रेवा आत्याला चिकटून बसली. “आत्या, काय लिहिलंय? वाचून दाखव ना.”

वकील लगेच उठून खांबाशी गेले आणि सूचनाफलक वाचू लागले. मिलकाबाईंनी घसा खाकरला. मी, मिलका, शलोम आपटेकर यांची मुलगी, वय चौसष्ट, राहणार पनवेल, शपथेवर लिहून देते की. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात हनोक कधी आणि कुठे वारला ते होतं. चौथ्यापाशी त्या थांबल्या. मग कागदावर बोट तसंच ठेवून, अजिबात न अडखळता त्यांनी वाचलं:

“सदर मयत इसमास एकच मुलगी आहे, तिचं नाव रिवका. ती मयताची फार लाडकी होती.”

सरकारी कागदात लाडकी हा शब्द कधी येत नाही, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. मुश्ताकने मान खाली घातली. पुढची दोन वाक्यं त्यांनी भराभर वाचली आणि कागदाची घडी घातली. रेवाने ती घडी त्यांच्या हातातून काढून घेतली, उलगडली, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलवत, पहिलीतल्या मुलीसारखं, पण एकही अक्षर न चुकता तिने ती ओळ मनात वाचली.

“बाबांना शेवटची चार वर्षं दिसत नव्हतं, आत्या,” ती म्हणाली. “तुझी पत्रं त्यांना मीच वाचून दाखवायचे. आधी ते माझा हात धरून एकेक अक्षर गिरवून शिकवायचे, मग मी वाचायचे.”

हनोकने डोळ्यांचं कधी कळवलं नव्हतं.

“तू दोन महिने कावीळ होऊन पडली होतीस ना? ते पत्र मी असंच वाचलं. आत्या मजेत आहे, तळ्यात यंदा खूप कमळं आलीत, असं वाचलं. वाचताना गाळायचं मलाही येतं.”

ते ऐकून मिलकाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. आपण एका हुशार पोरीला फसवायला निघालो होतो याची लाज होती, आणि त्याहून मोठा आनंद होता, की भावाला आपली पत्रं पोचली ती याच आवाजात. त्या रडत म्हणाल्या, मी नाही करत सही, मला नको घर. रेवाने त्यांच्याच पदराच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं.

“कर सही. बाबांना घर तुला द्यायचं होतं, ते मिळतंय. माझ्या हातून नाही मिळालं तर नाही. माझं काय गेलं? मी कुणाची आहे हे तुला ठाऊक आहे.”

मिलकाबाईंनी सही केली. अक्षर वळणदार आलं, नर्सच्या रजिस्टरमध्ये घोटलेलं. मग मुश्ताकने साक्षीदाराच्या रकान्यासाठी हात पुढे केला. रेवा त्याला म्हणाली, मुश्ताकचाचा, तुमच्यापेक्षा मी मयताला जास्त ओळखते. मुश्ताक हसला आणि म्हणाला, बेशक बेटी.

साक्षीदाराचं नाव. तिने मोठमोठ्या मराठी अक्षरांत, जीभ दातांत धरून लिहिलं: रिवका हनोक आपटेकर. तिकडे लग्नानंतरचं आडनाव वेगळं होतं, पण ते तिने लिहिलं नाही. पुढे रकाना होता, ‘मयताशी नाते’. तिथे लिहिलं: मुलगी.

काशिराम भाऊसाहेब सेवानिवृत्तीला टेकलेले, नियमाने चालणारे गृहस्थ. सगळे आत त्यांच्या टेबलापाशी गेले, तेव्हा त्यांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि चष्म्यावरून मिलकाबाईंकडे पाहिलं.

“सिस्टर, वर लिहिलंय मूलबाळ नाही. खाली मुलगीच साक्षीदार. हे कसं चालेल?”

वकील पुढे होऊन काही कायदेशीर सांगणार, तोच भाऊसाहेबांनी स्वतःच तोडगा काढला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लाल पेन उचललं आणि म्हणाले, अडवत नाही मी, ‘मुलगी’ खोडा आणि ‘परिचित’ लिहा, म्हणजे झालं.

मिलकाबाईंनी कागदावर तळहात ठेवला.

“खोडायचं असेल तर वरचं खोडा.”

“वरचं खोडलं तर घर नाही मिळायचं तुम्हाला.”

“नको मिळू दे. खालच्याला हात लावायचा नाही.”

भाऊसाहेबांनी रेवाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून पाताळगंगेचा काळा गोटा डोकावत होता. त्यांनी विचारलं, हे कशाला. बापाच्या कबरीवर ठेवायला, ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी लाल पेन खिशाला लावलं. म्हणाले, प्रतिज्ञापत्र अर्जदाराचं, त्यात काय म्हटलंय ते अर्जदार जाणे. साक्षीदाराने स्वतःबद्दल काय लिहावं ते साक्षीदार जाणे. दोन्हींची तोंडं जुळवायची असा नियम मला तरी कुठे दिसत नाही. मग त्यांनी गोल शिक्का शाईवर दाबला आणि कागदाच्या तळाशी मारला.

रेवा रविवारी गेली. जाताना विमानतळावर गोट्यावरून वाद झाला, म्हणे, पण तिने तो नेलाच. एप्रिलमध्ये घर मिलकाबाईंच्या नावावर चढलं, आणि मे महिन्यात दादूने भिंत उतरवून नवी बांधली. त्याच आठवड्यात ऑफिसातून प्रतिज्ञापत्राची नक्कल आली. टायपिस्टने वरपासून खालपर्यंत सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. तळाशी लिहिलं होतं, साक्षीदार, रिवका हनोक आपटेकर, मयताशी नाते, मुलगी. आणि सरकारचा गोल शिक्का नेमका त्या शेवटच्या शब्दावर बसला होता.

मिलकाबाईंच्या माहितीत, या देशाने रेवाला हनोकची मुलगी म्हटल्याचा तो पहिलाच कागद होता. घराचा कागद त्यांनी ट्रंकेत टाकला. ही नक्कल मात्र पाकिटात घालून अशदोदला पाठवली, आणि बरोबरच्या पत्रात लिहिलं, हे कबरीपाशी बसून बाबांना मोठ्याने वाचून दाखव, यातलं काही गाळू नकोस.